वरच्या गिरणीचं पाणी आन् माझी तुळजा

कार्तिक शु. ८

नात बघून आले. गोरी न्हाय, काळी न्हाय, कवळ्या हुरड्यासारखी हाय. डोळे आमच्या शिवाचे. नाक कुणाचं ते मी लिहिणार न्हाय.

आमच्या घरात तीन पिढ्या नुसते बापे. सासूला लेक न्हाय, मला न्हाय. कस्तुरा सून आली आन् पहिल्याच खेपंला लेक दिली. वाटंनं भेटंल त्याला मी सांगत आले. अणदूरच्या बाजाराला निघालेल्या अनोळखी बाईलाबी सांगितलं. शिवा म्हणला, "माय, आता गाडी हाकू दे."

पण खरं तेबी लिहिते. पोरगी माझ्या मांडीवर आन् बघत होती वर. वर काय, तर विजेचा दिवा! विहीणबाईनं (पुढं नुसतं वि. लिहीन, मोठं जोडून लिहिताना बोटं दुखतात) पाळण्यावर टांगून ठिवलाय. त्यांची नदीवर पाण्याची गिरणी. बंधाऱ्यात पाणी तुंबवायचं, दाराच्या फळ्या काढल्या की खाली चाक फिरतं. सकाळी दळण, सांजंला दिवा. इकडं लढाईपायी रॉकेलला परमिट लागतंय, आमी करडीच्या तेलात वात बुडवून बसतो. आन् हिची नात दिव्याखाली. हिची म्हणजे माझी.

मी "बाळे, बाळे" करतीय. हूं न्हाय का चूं न्हाय. दिव्याकडं बघून हसली मात्र.

वि. म्हणती, "तिला लाईट लई आवडती, विहीणबाई."

म्या म्हणलं, "आमच्याकडं चांदणं हाय."

घरी येईस्तवर ह्यापेक्षा चांगली उत्तरं सुचली. आता काय उपेग.

का. शु. १२

सकाळी पुन्हा पाणी आलं. आभाळ न्हाय, पाऊस न्हाय, आन् घोट्याएवढी नदी कमरंएवढी. कळलंच, वर गिरणी लावली. आमचं गाव खाली, ती पाणी सोडंल तसं आमी भिजायचं.

वाळूतली माझी काकडीची आळी गेली. दरसाल पाणी उतरलं की मी नदीत वाळू उकरून, शेणखत घालून आळी करते. ह्या बारीला येल दोन पानांवर आले होते. ज्या झऱ्यातनं आमी प्यायचं पाणी भरतो, वाळूत हात-दीड हात उकरून केलेला, तोबी गाळानं भरला. दुपारपातूर पाणी गेलं, नदी परत घोट्याला.

सोना भोईण जाळं गोळा करत होती, फाटलं होतं. म्हणली, "काकी, तुमच्या सोयऱ्याची नदी झाली की वो ही."

मला राग यायला पायजे होता. पण खोटं कशाला, जरा बरं वाटलं. वि.च्या नावानं बोलायला काहीतरी सापडलं.

का. वद्य ४

शिवा डिंकाचे लाडू घेऊन गेला होता कस्तुराला. लाडू म्या केले, वि.च्या लाडवापेक्षा चांगले, हे सांगायला नको. येताना उतारावर गाडी मधी होती आन् पाणी आलं. जिथं गाडी नदी वलांडती तिथं एरवी बैलाचं गुडघं भिजत न्हायत. बैल सुटं करून शिवानं काढले. गाडी आडवी झाली. वाकळ व्हावून गेली, माझ्या आईच्या लुगड्याची होती. पोरगा चिंब. बरा हाय. मी त्याला चुलीपुढं बसवून इतकं बोलले की तो म्हणला, "माय, पाण्यात बरं होतं."

का. व. ६

वि.चा निरोप आला. बाळंतपणाला सव्वा महिना झाला, त्यांच्या भावकीतल्या सुतकापायी बारसं राहिलंय, ते करू. पण बारसं झालं तरी लेकरू धाडणार न्हाय. "तुमच्या उताराला एकाएकी पाणी चढतंय. लेकरू गाडीत घालून कसं धाडू?"

तुमच्या उताराला! पाणी कुणाचं?

मी निरोप आणणाऱ्याला भाकरी दिली, पण चटणी दिली न्हाय.

का. व. ७

हे म्हणतात, तहसिलीत अर्ज देऊ. उर्दूत लिहून घ्यावा लागतो, मुन्शी गाठावा लागतो. म्हणलं, आन् मुन्शी काय लिहील? की व्याह्याच्या गिरणीनं नदी वर-खाली होती? मग माझी नात कुठं बसंल, तहसिलीत? सोयऱ्यावर सरकारात गेलं की पाळणा तिकडंच ऱ्हायला समजा.

ह्यांनी तमाखू मळली. मग म्हणाले, "तुला पोरगी पायजे का नदी?"

दोन्ही पायजे. त्यात काय इचारायचं.

सारखा त्या पाळण्याचा इचार येतो. वि. मूळची आळंदकडची, घरात कानडी. पोरीला कानडीत जोजवती. कूसू, कूसू म्हणती, म्हणजे बाळ, बाळ. पोरगी झोपतीबी. मी गेले तवा ओवी म्हणायला लागले तर टकटक बघत बसली, जणू पाव्हणी बाई काय म्हणती. आणखी दोन महिने तिथं राहिली तर माझ्या ओवीला रडायची.

मार्गशीर्ष शु. ३

बारसं पंचमीला. आमच्यात चाल हाय. नातवंडाच्या बारशाला जावयाची आई गेली की विहीण तिचं पाय धुती, आन् मग ती पाटावर रुसून बसती. काय मागंल ते कबूल केल्याबिगर पाटावरनं उठायचं न्हाय, पाळणा हलवायचा न्हाय. बाकीच्या बाया लुगडं मागतात, जोडवी मागतात. माझ्या सासूनं तांब्याचा हंडा मागितला होता, अजून पाणी तापवतो त्यात.

म्या ठरवलंय. कुणाला सांगितलं न्हाय, ह्यांनाबी न्हाय. पोटात ठिवून पोट दुखायला लागलंय.

मार्ग. शु. ५, सांज

बारसं झालं. सगळं लिहिते, इसरायच्या आत.

वि.नं पाय धुतले. कोमट पाणी, हळद. माझ्या टाचंच्या भेगा तिनं बघितल्या. तिच्या टाचंला भेगा न्हायत, मला कसं ठावं, तर बघितल्या म्या. नदीवर जात न्हाय ती, नदी तिच्या दारात येती.

मग मी पाटावर बसले आन् तोंड फिरवलं. बाया गाणं म्हणायला लागल्या, विहीण रुसली, विहीण फुगली, जिलबी खाईना. मला हसू दाबवंना. वि. हात जोडून म्हणली, "मागा विहीणबाई. इरकल काढून ठिवलंय."

इरकल लुगडं, जांभळ्या रंगाचं. बघितलं होतं म्या. मन जरा डळमळलं. लई जरा.

म्हणलं, "लुगडं नको. गिरणीच्या दाराच्या सगळ्या फळ्या एकदम काढायच्या न्हायत. एक काढायची, शेरभर जवारी जात्यावर दळून हुईल एवढं थांबायचं, मग दुसरी."

गाणं थांबलं. कुणालाच कळंना हसावं का काय. वि.चा थोरला, रेवण, हैदराबादला यंत्राचं काम शिकून आलाय, तो दारात होता. म्हणला, "मावशी, तसं केलं तर चाक सुरुवातीला हळू फिरतंय. पयलं पीठ भरड निघंल."

वि.नं त्याच्याकडं बघितलं बी न्हाय. "भरड निघू दे, म्हशीला घालू. दिलं, विहीणबाई." आन् त्याला म्हणली, "मेल्लग, मेल्लग." कानडीत, सावकाश म्हणून.

तिनं एवढ्या लवकर हो म्हणायला नको होतं. मी अजून रुसणार होते. सगळ्या बाया तिलाच वा वा करायला लागल्या. मागितलं म्या आन् मोठी झाली ती.

नाव ठेवायला आत्या न्हाय, म्हणून म्याच कानात सांगितलं. तुळजा. तुळजानं माझं बोट धरलं. घट्ट! वि.नं तिची मूठ सोडवली, "विहीणबाईची अंगठी रुतंल" म्हणून.

मार्ग. शु. ११

पाणी आलं, पण कसं? आधी वाळू वली झाली. मग बोटं भिजली. मग घोटं. आमी बाया धुणं घेऊन मागं मागं सरकत गेलो, पळावं लागलं न्हाय. झऱ्याभोवती दगड रचले होते, गाळ आत गेला न्हाय. गावात जो तो म्हणतोय, काकीनं पाण्याला वळण लावलं. म्या म्हणलं, व्हय, लावलं.

शिवाला म्हणलं, जुंप गाडी, पोरगी आणू.

हे म्हणाले, "मुहूर्त बघ. घाई कर न्हायतर पौष लागंल." पौषात लेकी-सुना धाडत न्हायत.

मार्ग. व. २

घोटाळा झाला. माझाच.

सकाळी नदीवर गलका. पोरंबाळं टोपल्या घेऊन पळतीयत, वाळूत मासं तडफडतंय. गिरणी बंद करताना त्यांनी सगळ्या फळ्या एकदम टाकल्या. पाणी असं गेलं जसं कुणी पातेलं पालथं केलं. मासं मागं फिरायच्या आत वाळू उघडी. मोठं मासं लोकांनी नेलं, बारकी पिल्लं बोटाएवढी, डबक्यात उन्हानं पांढरी पडली. झरा दुपारपातूर कोरडा. उतारावर चिकट गाळ, येशी म्हातारीची म्हैस रुतली, चौघांनी शेपटी धरून काढली.

सोना भोईण पिल्लांकडं बघत उभी. "काकी, तुमी उघडायचं मागितलं. झाकायचं मागितलंच न्हाय."

व्हय की. पाणी येतं त्याचीच भीती. जाताना ते काय नेतंय, हे कुणाच्या डोक्यात येतंय?

मार्ग. व. ५

शिवाला धाडलं, म्हणावं फळ्या टाकतानाबी एकेक टाका.

वि.चं उत्तर, शिवाच्या तोंडून: "बारशाला जेवढं मागितलं तेवढं दिलं. एका पाटावर दोनदा रुसतात का?"

रेवणचं म्हणणं निराळं. सकाळचं दार हळू झाकलं तर तेवढा येळ पाणी निघून जातं. मग सांजंला बंधारा भरत न्हाय आन् दिवा लवकर मालवतो.

म्हणजे दिवा! पोरीच्या डोक्यावरचा दिवा लवकर मालवू न्हाय, म्हणून आमचं मासं मरायचं.

आन् आणखी एक: "उताराला गाळ हाय म्हणं, बैल रुततात म्हणं. झरा आटतो म्हणं. लेकराला पाणी कुठलं पाजणार?" आमचंच रडगाणं आमालाच ऐकवती.

ह्यांनी दोन बारी इचारलं, भाजीत मीठ का न्हाय.

पौष शु. २

पौष लागला. आता महिनाभर पोरगी आणायला गाडी न्हाय.

शिवा भेटून आला. तुळजा पालथी पडती. पहिल्यांदा पालथी पडली तवा वि.नं शेजारणींना पेढं वाटलं. मला ठावंबी न्हाय. माझी नात पालथी पडली आन् मी हितं मेथी निवडत होते.

पौष, बोरन्हाणाचा दिवस

संक्रांतीचं बोरन्हाण घालायला गेले. काळं झबलं म्या शिवलं, हलव्याचे दागिने वि.नं केले. असे काटेदार, पांढरे, की बघतच ऱ्हावं. माझा हलवा कधी एवढा फुलत न्हाय. पाक तोच, तीळ तेच. हात निराळा.

बोरं, चुरमुरं, उसाचे करवे पोरीच्या डोक्यावरनं ओतले. ती हसली, दिव्याकडं बघून न्हाय, मला बघून. दोनदा. मी वि.कडं बघितलं, तिनं बघितलं का म्हणून. बघितलं.

बाया गेल्यावर आमी दोघीच चुरमुरं झाडत होतो. मी आपलं सुरू केलं, मासं, झरा, गाळ. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "आमच्या माहेरी मोठ्या तळ्याखाली एक लहान बांध असतोय. कट्टा म्हणतात. मोठ्यातनं पाणी कसंबी येऊ दे, धडाधडा येऊ दे, बंद पडू दे. आधी त्या लहान कट्ट्यात पसरतंय आन् त्याच्या तोंडातनं सारखंच जातंय. वरची गडबड खाली कळत न्हाय. तसा गिरणीखाली घालता येईल. फळ्या एकेक टाकायला नकोत, दिवाबी मालवायला नको."

मी झाडणी धरून बसले. हे मला का सुचलं न्हाय? म्हणलं, "मग घातला का न्हाय?"

"तिथं माझी वांगी हायत. आन् शेवंती. सगळं पाण्याखाली जाईल." पोरीच्या अंगावरचं एक बोर उचललं. "आन् तो बांध झाला की लेकरू न धाडायला मला कारण काय उरतंय?"

बाई उघड बोलली. मी तिच्या जागी असते तर वांगी दाखवली असती, दुसरं सांगितलं नसतं.

उठताना म्हणली, "घाला बांध. दगड तुमच्या गावानं आणायचं."

गाडीत बसले आन् लई संताप आला. अक्कल तिची, वांगी तिची, दानत तिची. मग माझं काय? दगड.

पौष व. १

दगड वाहतोय. आमच्या गावच्या गाड्या, वरच्या गावची माणसं. भोयांनी पळसाच्या फांद्या आणल्या, दगडाच्या मधी दाबून वर माती. मी टोपलीनं दगड वाहिलं. शिवा म्हणतोय, "माय, बस." वि. काठावर पोरगी घेऊन बसलीया, मी कशी बसू? तिनं बघू दे की.

वांगी काढून घेतली. शेवंतीची रोपं मुळासकट काढून वि.नं एक पाटी मला दिली. न्यायची का न्हाय कळंना. आणली. आडाकडंला लावली. जगतील का काय.

पौष व. ६

भांडण. बांधाचं मधलं तोंड केवढं ठेवायचं? मी म्हणते अरुंद ठेवा, म्हणजे पाणी बारीक आन् लई येळ चालंल. वि. म्हणती रुंद ठेवा, न्हायतर पाणी मागं फुगून चाकात शिरंल, चाक अडंल. रेवण मधी काठी घेऊन उभा, दोघींकडं आळीपाळीनं बघतोय. हे आन् व्याही लांब लिंबाखाली तमाखू मळत बसलेले.

शेवटी तोंडालाबी फळ्याच बसवल्या. हा लहान बांध भरला की एक काढायची, वसरला की एक टाकायची. त्या कुणी काढायच्या-टाकायच्या? त्यांचा माणूस ठेवला तर ती सांगंल तसं. आमचा ठेवला तर तिला इश्वास न्हाय. सोनाच्या नवऱ्यावर सोपवलं. त्याला मासं पायजेत, तो कुणाचंच ऐकणार न्हाय.

माघ शु. २

बांध झाला असं म्हणतात. एका अंगानं झिरपतोय, माती अजून बसायचीय. पण कालपास्नं नदी बघतीय, पोटरीच्या खाली. सकाळी गिरणी चालू, पोटरीच्या खाली. दुपारी बंद, तरी घोट्याच्या वर. डबक्यात पिल्लं फिरतीयत, काळी काळी. झरा भरलेला. उतारावर वाळू, गाळ न्हाय. म्या बैलावाणी चालून बघितलं, आरपार. लोक हसले.

शिवाला गाडी जुंपायला लावली.

माघ शु. ३

आली!

उताराच्या ह्या अंगाला मी सकाळपास्नं उभी. पायात चप्पल न्हाय, इसरले. गाडी दिसली. मधी आली. पाणी होतं तेवढंच. चाकाचा आरा भिजला, बस. छत्रीखाली कस्तुरा, डोक्यावर पदर, अंगानं भरलीया. बाजूला आणखी कोण?

वि.!

तुळजा तिच्या मांडीवर. सारी नदी पोरगी तिच्या मांडीवर वलांडून आली. माझ्या नदीतनं.

गाडीतनं उतरायच्या आधी म्हणती, "चार दिस राहीन म्हणते, विहीणबाई. पाणी कसं येतंय, कसं जातंय, डोळ्यांनी बघीन. सोनाच्या नवऱ्याला सांगून आले, जसं रोज करतोस तसंच कर, मी हाय म्हणून काय वेगळं करू नको. बरं वाटलं तर माझी मी जाईन. न्हाय वाटलं तर लेकरू घेऊन."

कस्तुरा खाली मान घालून हसत होती. म्हणली, "आत्या, म्या लई सांगितलं. आईनं ऐकलं न्हाय."

आता बाई आलीय तर काय करणार. पाय धुतले. तिच्या टाचंला भेगा न्हायत हे हातानंबी कळलं. पुरण घातलं. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीला नको म्हणली. माझी पोळी तिच्यापेक्षा मऊ होती, ते तिला कळलं असणार, बोलली मात्र न्हाय.

तुळजाला मी ओवी म्हणले. रडली न्हाय. टकटक बघितलं. मग वि.नं आपलं कूसू, कूसू सुरू केलं, म्या थांबले न्हाय, तीबी थांबली न्हाय. दोन्ही एकदम. पोरगी झोपली. कुणाच्या गाण्यानं झोपली ते आता कोण सांगणार?

पाळणा आमच्या वाशाला टांगलाय. वि. त्याच्या उजव्या अंगाला हातरूण टाकून बसलीया. मी डाव्या अंगाला लिहितीय. ती इचारती, "काय लिहिता एवढं?" म्हणलं, "हिशेब." खरं ते तिला कशाला सांगू?

सोनानं सांजंला येऊन सांगितलं, बांधाच्या झिरपणाऱ्या अंगाला आज जरा जास्त पाणी निघतंय, उद्या सकाळी गिरणी लागंल तवा कळंल माती धरती का न्हाय. वि.नं ऐकलं. मीबी ऐकलं. दोघी एकदमच म्हणालो, "बघू."

उद्या उजाडलं की दोघी नदीवर. पोरीला न्यायचं ठरलंय. कुणी उचलून न्यायचं, ते अजून ठरलं न्हाय.